ड्रम न उघडता केलेली सही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाड्यातली वरच्या मजल्यावरची सून खाली आली. कडेवर अडीच वर्षांचा मुलगा, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पाच बाटल्या होत्या. खोकल्याच्या तीन, तापाची एक, उलटीची एक. म्हणाली, "मावशी, तुम्ही औषधांच्या कंपनीत होतात ना? यातलं कुठलं द्यायचं आणि कुठलं टाकून द्यायचं तेवढं बघून सांगा. टीव्हीवर ऐकून ऐकून जीव घाबरा झालाय."

मी चष्मा लावला आणि बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या. एकेक उचलून ट्यूबलाइटसमोर धरली, उलटी करून बुडाशी गाळ बसलाय का पाहिले, झाकणाची कडी पाहिली, बॅच नंबर आणि तारीख वाचली. हात सवयीने चालत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तिसरी बाटली हातात असताना माझ्या लक्षात आले की मी नुसते सोंग करते आहे. खोकल्याच्या सिरपांत निघालेले डायएथिलीन ग्लायकॉल हे विष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेला गोडच लागते. चौतीस वर्षे औषधे तपासण्यात गेली तरी बंद बाटली हातात घेऊन मला त्या आईइतकेच कळते. मी तिला खरे ते सांगितले, "बघून नाही सांगता येत गं. कोणालाच नाही येत." खोकल्याच्या तिन्ही बाटल्या ठेवून घेतल्या. मुलाला कोमट पाणी पाज, वाफ दे, श्वास जोरात चालला किंवा लघवी कमी झाली तर रात्री-अपरात्री डॉक्टरकडे ने, असे सांगून तिला वर पाठवले.

त्या रात्रीपासून हे पत्र डोक्यात आहे. खाली माझी आद्याक्षरे आहेत, प्रयोगशाळेच्या वहीत करत असे तशीच. पूर्ण नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाला कळवला आहे. ते छापले तर माझा जुना कारखाना ओळखू येईल. तिथे आजही माझ्या हाताखाली शिकलेली मुले नोकरी करतात.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, बहुतेक परासियाच्या आसपास, वीसहून अधिक लहान मुले दगावली. साधा सर्दी-खोकला, त्यावर गोड सिरप, मग उलट्या, मग लघवी बंद. मूत्रपिंडे निकामी झालेली मुले नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या त्या 'कोल्ड्रिफ' सिरपची बॅच तपासली, तेव्हा तिच्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. चालण्याजोगी मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे ४८६ पट. मी हा आकडा वाचला तेव्हा दशांश चिन्ह चुकले असेल असेच वाटले होते. ही चिमूटभर भेसळ नव्हे, जवळजवळ अर्धी बाटली विषाची आहे. आणि इतके असूनही ती बाटली कारखान्याच्या दारातून बाहेर पडते, याचा अर्थ आमच्या धंद्यातल्या माणसाला एकच लागतो. तो ड्रम कोणी तपासलाच नव्हता.

'तिकडे झाले' असे म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. १३ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने ज्या तीन सिरपांबद्दल इशारा दिला, त्यांतली दोन आपल्या गुजरातेत बनलेली होती. एकात १.३ टक्क्यांच्या वर, दुसऱ्यात ०.६ टक्के. आणि ती पकडली मध्य प्रदेशच्या प्रयोगशाळेने. हे वाचून मला लाज वाटली. बडोदे हे औषधांचे गाव आहे. कलाभवनात रसायन शिकवणारे प्रा. गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली इथे अलेंबिक उभी केली, राज्याची अन्न व औषध प्रयोगशाळा याच शहरात आहे, आणि आम्हा दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत एक तरी माणूस औषध कंपनीत असायचा. मीही महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडले ती १९८२ साली थेट क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणात, लागले. माझा कारखाना मात्र मोठ्यांपैकी नव्हता. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत तीन शेड, पन्नासेक माणसे, सिरप आणि मलमे.

हे विष औषधात येते कसे, ते आधी सांगते, कारण बातम्यांत ते नीट आले नाही. पॅरासिटामॉलसारखे औषध पाण्यात सहज विरघळत नाही. त्याला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागते. दोन्ही गोडसर, बिनरंगी, दाटसर. डायएथिलीन ग्लायकॉलही तसेच गोडसर, बिनरंगी, दाटसर, आणि स्वस्त. ते जाते ब्रेक ऑइलमध्ये, रेझिनमध्ये. मधल्या व्यापाऱ्याने एक ड्रम बदलला, किंवा अर्धा भरून काढला, तर लेबलशिवाय ओळखायची काही खूण राहत नाही. निखळ अदलाबदल असेल तर घनता पाहूनही कळते. प्रॉपिलीन ग्लायकॉलची १.०३६ च्या आसपास, डायएथिलीन ग्लायकॉलची १.११८. दोन-चार टक्केच मिसळले असेल तर मात्र घनता गप्प बसते. मग जीसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र, हवे. ते नसेल तर काचेच्या पट्टीवरची टीएलसी नावाची चाचणी तरी हवी. पट्टीवर केशनळीने थेंब ठेवायचे, पट्टी द्रावकात उभी करायची, वाळवून फवारा मारायचा, गरम करायची. ग्लिसरीनचा ठिपका एका उंचीवर थांबतो, डायएथिलीन ग्लायकॉलचा दुसऱ्या. एका दुपारचे काम आहे.

कारखान्यात माल आला की ड्रमवर पिवळे स्टिकर लागते. म्हणजे 'थांबा, तपासणी चालू.' तपासून पास झाला की हिरवे, नापास झाला तर लाल. हिरव्या स्टिकरवर तारीख आणि सही असते. त्या सहीशिवाय स्टोअरवाला माल उत्पादनाला देत नाही. एवढ्याशा चिकट कागदावर पुढची सगळी साखळी उभी असते. उत्पादनवाला हिरवे पाहून ड्रम फोडतो, शेठ बॅच विकतो, दुकानदार बाटली देतो, डॉक्टर चिठ्ठी लिहितो, आई चमचा पुढे करते. यातला प्रत्येक जण मागच्याने पाहिले असेल असे धरून चालतो. ड्रम उघडून पाहणारा माणूस त्या साखळीत एकटाच असतो, आणि आमच्याकडे ती मी होते.

एप्रिल २००३ मधली गोष्ट. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे २१५ किलोचे दोन ड्रम आले, नेहमीच्या पुरवठादाराकडून नव्हे, एका व्यापाऱ्याकडून. एका ड्रमवर लेबलावर लेबल चिकटवलेले होते. वरच्या लेबलाचा कोपरा सुटला होता, त्याखालून निळ्या अक्षरांचा शेवट दिसत होता. सोबतचा विश्लेषणाचा दाखला झेरॉक्स, आणि त्यावर बॅच नंबरातला एक आकडा पेनाने गिरवलेला. मी नमुना काढला. घनता बरोबर आली, वक्रीभवनांक बरोबर आला. आमच्याकडे जीसी नव्हते. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवते, रिपोर्ट येईपर्यंत पिवळे स्टिकर राहील, असे मी लिहून दिले. टेंडरचा माल होता, तारीख जवळ होती. शेठनी केबिनमध्ये बोलावले. माणूस वाईट नव्हता. ओरडले नाहीत. दाखला माझ्याकडे सरकवून एवढेच म्हणाले, "बेन, कागळ तो छे ने?" कागद तर आहे ना. मी म्हटले, कागद आहे, पण ड्रममध्ये कागद नाही, द्रव आहे.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. माल स्वच्छ होता. टेंडरला उशीर झाला, दंड भरावा लागला. त्या दिवाळीत माझी पगारवाढ सगळ्यांत कमी झाली. कोणी काही बोलले नाही, पण उत्पादनातले लोक मला बघून आपापसात हसायचे.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच व्यापाऱ्याकडून आणखी एक ड्रम आला. दाखला या वेळी नीटनेटका होता. यजमानांची बायपास नुकतीच झाली होती, घर माझ्या पगारावर चालत होते, आणि एप्रिल मी विसरले नव्हते. शनिवारचे साडेचार वाजले होते. दाखल्यावरचे आकडे मी वहीत उतरवले आणि हिरव्या स्टिकरवर सही केली. ड्रम उघडलासुद्धा नाही.

त्या ड्रममध्ये काय होते ते मला आजही माहीत नाही. तक्रार आली नाही. प्रत्येक बॅचच्या बाटल्या आम्ही कंट्रोल सॅम्पल म्हणून मुदत संपल्यावरही वर्षभर ठेवत असू, तशा याही होत्या, डाव्या कपाटात, तिसऱ्या फळीवर. मनात आणले असते तर तीन वर्षांत केव्हाही त्यातली एक पाठवून तपासून घेता आली असती. मी ती पाठवली नाही, कारण रिपोर्टमध्ये काय येईल याची मला भीती वाटत होती. २००६ साली मुदतीप्रमाणे त्या बाटल्या नष्ट झाल्या. नष्ट केल्याच्या नोंदीवरही सही माझीच आहे.

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, यजमानांनाही नाही. आज लिहिते आहे, कारण ऑक्टोबरभर मी लोकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकते आहे. इतकी वर्षे हीच सिरपे देत आलो, काही झाले नाही. माझ्या ड्रमचेही 'काही झाले नाही' हेच आहे. पण एप्रिलचा माल स्वच्छ निघाला म्हणून तो थांबवणे चूक ठरत नाही, आणि सप्टेंबरात तक्रार आली नाही म्हणून ती सही बरोबर ठरत नाही. सही करताना हातात काय होते, एवढ्यावरच ते ठरवायला हवे. एप्रिलमध्ये माझ्या हातात शंका होती आणि ती फेडायचा उपाय होता. सप्टेंबरात शंकाही होती, उपायही होता, फक्त मी थकले होते. आणि तक्रार करायला तरी कोण येणार? एखाद्या तालुक्याच्या गावी मूल तापाने गेले असे लिहिले जाते. सिरप आणि मूत्रपिंड यांची सांगड घालायला एकाच दवाखान्यात एकसारखी पाच-सात मुले यावी लागतात, आणि ती ओळखणारा डॉक्टर लागतो.

हे विष काही नवे नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचे गोड औषध याच द्रावकात बनवले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत कितीतरी मुले. विषारीपणा तपासायचा कायदाच तेव्हा नव्हता. नाव 'एलिक्झर' आणि आत अल्कोहोल नाही, एवढ्या लेबलाच्या चुकीवरून माल जप्त करावा लागला. कंपनीच्या मालकाने आपली काही जबाबदारी आहे असे वाटत नाही, असे जाहीर सांगितले. ज्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिश्रण बनवले होते त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. त्या चौकशीच्या प्रयोगांत काम केलेली फ्रान्सिस केल्सी नावाची विद्यार्थिनी १९६० साली अमेरिकेच्या औषध खात्यात रुजू झाली आणि थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीचा अर्ज तिच्या टेबलावर आला. कंपनीचा तगादा होता, युरोपात ते औषध सर्रास खपत होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून तिने मंजुरी दिली नाही. पुढे गरोदरपणी घेतलेल्या त्या गोळीने हातपाय नसलेली हजारो मुले जन्मली ती बहुतेक दुसऱ्या देशांत. तिने नकार दिला तेव्हा तिला ते माहीत नव्हते. शंका होती म्हणून थांबली, आणि थांबायचा अधिकार कायद्याने तिला होता. माझ्याकडे तो अधिकार कागदावर होता, पगारवाढ मात्र शेठच्या हातात होती.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष गेले, १४ रुग्ण दगावले. तेव्हा मी नोकरीत चार वर्षांची होते. आमच्या साहेबांनी ती बातमी कापून वजनकाट्याच्या खोलीच्या दारावर चिकटवली होती. पिवळी पडेपर्यंत ती तिथे होती. न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशीत खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना उघडे पाडले, महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मला वाटले होते, आता हे पुन्हा होणार नाही. १९९८ मध्ये गुरगावकडे ३३ मुले गेली. २०२० च्या सुमारास जम्मूच्या रामनगरला किमान १२. २०२२ मध्ये हरियाणात बनलेली सिरपे गांबियात गेली आणि तिथे किमान ६६ मुले दगावली. उझबेकिस्तानातही तसेच झाले.

गांबियानंतर सरकारने एक चांगला नियम केला. १ जून २०२३ पासून खोकल्याचे सिरप परदेशी पाठवायचे असेल तर आधी ठरलेल्या प्रयोगशाळेचा तपासणी दाखला घ्यावा लागतो. हा नियम निर्यातीपुरता होता. कांचीपुरमहून समुद्रापार जाणारी बाटली तपासणार, आणि कांचीपुरमहून परासियाला जाणारी कारखानदाराच्या भरवशावर सोडणार. संपादक महोदय, मी हा नियम कितीतरी वेळा वाचला. यात कोणाचा जीव किती किमतीचा धरला आहे ते मला समजावून सांगणारा माणूस अजून भेटला नाही. परदेशात मुले गेली तर देशाचे नाव जाते, व्यापार जातो, म्हणून तिथे धोका मोजला गेला. परासियाच्या कोळसाखाणींच्या मुलखातल्या आईबापांमुळे कुठला व्यापार बुडणार होता?

आणि देशात नियम नाही असेही नाही. कच्च्या मालाची प्रत्येक बॅच परवानाधारकाने तपासलीच पाहिजे, हे १९४५ च्या औषध नियमांतच आहे. छिंदवाड्याची मुले दगावल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना पत्र पाठवले, त्यात तपासणीत काही कारखाने प्रत्येक बॅच तपासत नसल्याचे आढळले असे स्पष्ट म्हटले आहे. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचे जोड औषध देऊ नये, लेबलवर तसे छापावे, हा आदेश डिसेंबर २०२३ चा. कोल्ड्रिफमध्ये नेमकी तीच जोडी होती.

परासियात डॉक्टरला अटक झाली, त्यावर डॉक्टरमंडळी चिडली. माझे मत विचाराल तर, चार वर्षांखालच्या मुलाला हे औषध लिहिले त्याची जबाबदारी डॉक्टरचीच. ती चिठ्ठी स्वच्छ सिरपाचीही लिहायला नको होती. पण बाटलीत विष आहे हे डॉक्टरला कसे दिसावे? जे माझ्या ओट्यावर मला दिसले नाही ते त्याला दिसणार नव्हते. ते दिसण्याची जागा एकच होती, पिवळ्या स्टिकरची. दोन्ही राज्यांची सरकारे मात्र एकमेकांकडे बोट दाखवत बसली. मध्य प्रदेश म्हणे, तिथेच तपासून सोडायला हवे होते. तामिळनाडू म्हणे, आम्हाला कळल्यावर आम्ही दोन दिवसांत अहवाल दिला. दोघांचेही खरे आहे आणि त्याने एकाही घरात काही फरक पडत नाही. कायद्यात भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर दहा वर्षे ते जन्मठेप आहे. शिक्षा व्हावीच. पण ती मुलाच्या मागून येते.

लहान कारखानदारांची बाजू मला ठाऊक आहे, मी त्यांचेच मीठ खाल्ले. जीसीचे मशीन लाखांत जाते, चालवायला शिकलेला माणूस लागतो, सगळे नियम पाळायचे तर धंदा बंद करावा लागेल आणि स्वस्त औषध मिळेनासे होईल, असे ते म्हणतात. औषधनिर्मितीची सुधारित नियमावली, शेड्यूल एम, लहानांना लागू करायची मुदत म्हणूनच डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत लांबवली गेली. इमारत, हवा, नोंदी यांचे त्यात पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागतो, हे मान्य. पण या एका तपासणीला मशीन विकत घ्यावे लागत नाही. त्या एप्रिलमध्ये बाहेरच्या प्रयोगशाळेला आम्ही दीड हजार रुपये भरले होते. आमच्या सिरपात शंभर मिलीच्या बाटलीला दहा मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल जायचे, म्हणजे एका ड्रममधून वीस हजार बाटल्या. हिशेब करा, बाटलीमागे साडेसात पैसे. ते वाचवले तर शेठचे वाचतात, आणि त्यापायी जो धोका राहतो तो शेठच्या नातवाच्या वाट्याला क्वचितच येतो.

धोका मुळीच नको असे म्हणणारी मी नाही. २०२१ साली मी करोनाची लस घेतली. क्वचित कोणाच्या रक्तात गुठळ्या होतात हे वाचून घेतली. तो धोका मला सांगितला गेला होता, आणि लाभही मलाच होणार होता. सिरपाचे काय? दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीचे औषध देऊच नका, पाच वर्षांखालच्यांना शक्यतो टाळा, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने याच ऑक्टोबरात कळवले. लहान मुलाचा साधा खोकला बहुतेक वेळा आपला आपण जातो. म्हणजे लाभ नावाला, धोका न सांगितलेला, आणि तो घ्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस भलताच. आईला यात कोणी विचारतच नाही.

आता सगळे क्यूआर कोडबद्दल बोलतात. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडांवर तो छापणे सक्तीचे झाले आहे. माझ्या भाच्याने मोबाइल धरून दाखवला. कंपनी, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत. नकली माल ओळखायला उपयोगी आहे. पण अस्सल कंपनीने अस्सल परवान्याखाली न तपासलेला ड्रम वापरला, तर हा कोड तेवढ्याच इमानाने अस्सल माहिती दाखवील. कोल्ड्रिफची बाटली नकली नव्हती. माझ्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत आमच्याकडेही वह्या गेल्या आणि संगणक आला. सहीच्या जागी पासवर्ड. दोन महिन्यांत सगळ्यांचे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवले गेले, कारण शनिवारी जो हजर असेल त्याने सगळ्यांची कामे उरकायची असत. वहीत निदान अक्षर तरी ओळखू यायचे.

म्हणून मला जे मागायचे आहे ते फार मोठे नाही. निर्यातीच्या सिरपाला जी तपासणी आहे तीच देशातल्या सिरपाला हवी, बॅच बाजारात जाण्याआधी. त्या कोडमध्ये कंपनीच्या नावासोबत द्रावकाच्या तपासणीचा आकडा दिसावा, कुठल्या तारखेला, कुठल्या प्रयोगशाळेत, कोणी केली ते दिसावे. आपले नाव परासियाच्या आईला मोबाइलवर दिसणार आहे हे माहीत असते, तर त्या शनिवारी साडेचार वाजता माझा हात थांबला असता, याची मला खात्री आहे. आणि जो विश्लेषक माल थांबवतो त्याच्या पगाराला, नोकरीला हात लावता येणार नाही असे संरक्षण हवे, माल पुढे स्वच्छ निघाला तरीही. नाहीतर दर वर्षी कोणाचा तरी एप्रिल येईल आणि मग सप्टेंबर.

कोण करणार हे? आरोग्य खाते राज्याचे, परवाना राज्याचा, निर्यातीचा नियम केंद्राचा. आमच्या गुजरातेतल्या दोन सिरपांबद्दल विधानसभेत प्रश्न विचारायला आमदारांना कोणी अडवलेले नाही. निवडणुकीत मते मागायला दांडिया बाजारात सगळेच येतात. या खेपेला मी त्यांना हेच विचारणार आहे, आणि वाड्यातल्या बायकांनाही विचारायला लावणार आहे.

वरच्या सुनेच्या मुलाचा खोकला सहाव्या दिवशी गेला, औषधाशिवाय. तिच्या तिन्ही बाटल्या माझ्या कपाटात आहेत, पण त्या उघडलेल्या आहेत. म्हणून मी रावपुऱ्यातल्या दुकानातून त्यातल्याच एका सिरपची सीलबंद बाटली पक्के बिल घेऊन विकत आणली. १९४० च्या औषध कायद्याचे २६ वे कलम फार थोड्यांना माहीत आहे. विकत घेतलेले औषध कोणीही साधा माणूस फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याला सहीचा अहवाल मिळतो. प्रयोगशाळा आपल्याच गावात आहे. अर्ज लिहून झाला आहे, सोमवारी सकाळी बाटली घेऊन जाते आहे. अहवाल काहीही आला तरी त्याची प्रत आपल्याकडे पाठवीन.

आपली,
सु. वि. जो.
(निवृत्त विश्लेषक, गुणवत्ता नियंत्रण)
दांडिया बाजार, बडोदे
नोव्हेंबर २०२५